सामाईक येझदी

समुद्रकाठच्या गावी लोखंडाची वस्तू स्वस्थ ठेवून दिली असता ती आपल्या मूळ खनिजरूपाकडे परत जाण्याची खटपट तत्काळ आरंभते, आणि ज्या गावाच्या एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी आणि माथ्यावर वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस असतो, त्या गावी ही खटपट सरकारी कामांच्या मानाने पुष्कळच लवकर तडीस जाते. दापोली तालुक्यातील केळशी हे असे गाव आहे. येथे आलेल्या पाहुण्यास महालक्ष्मीचे देऊळ दाखवितात, याकूबबाबांचा दर्गा दाखवितात, खाडीच्या मुखाशी असलेली आणि पुरातत्त्वज्ञांनी निरखून पाहिलेली वाळूची टेकडी दाखवितात. जांभ्याच्या गडग्यांमधून अंग चोरून जाणारे रस्ते तर तो न दाखविताच पाहतो, कारण समोरून एस. टी. आली की त्यास गडग्याला पाठ लावून उभे राहावे लागते. परंतु त्या गडग्यांच्या आत, माडा-पोफळींच्या सावलीतील घरोघरच्या पडव्यांत, जी लोखंडी संपत्ती वर्षानुवर्षे गंजत पडलेली असते, ती त्यास कोणी दाखवीत नाही. एकेकाळी विहिरीवर धडधडणारे तेलाचे इंजिन, पायटा तुटलेले शिवणयंत्र, मुंबईत पाती मोडल्यामुळे गावी पाठविण्यात आलेला टेबलपंखा, अशा या वस्तू वापरता येत नाहीत हे उघडच आहे. पण त्या टाकूनही देता येत नाहीत, कारण त्या सामाईक असतात.

आमच्या घरी या सदरातील सर्वांत वजनदार मालमत्ता म्हणजे एक येझदी मोटारसायकल. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने रुस्तम आणि फारुख इराणी यांनी 1961 साली म्हैसुरास जो कारखाना सुरू केला, त्यातून आरंभी जावा या नावाने आणि सत्तरीच्या दशकात येझदी या नावाने ही वाहने बाहेर पडू लागली, आणि 1996 साली कारखाना बंद पडेपर्यंत ती पडत राहिली. सुपारीला चांगला भाव आलेल्या एका वर्षी आजोबांनी त्यांतील एक विकत घेतली व केळशीस आणली. पासष्ट मिलिमीटर व्यासाच्या एकुलत्या एक सिलिंडरला दोन बाजूंस दोन सायलेन्सर, हे या यंत्राचे पहिले वैभव. दुसरे असे की किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच. आत दाबून मागे वळविला की तो किक होई आणि गाडी सुरू होताच पूर्वस्थितीवर येऊन गिअर होई, जुन्या संस्थानांत दिवाणगिरी आणि खजिनदारी एकाच गृहस्थाकडे असावी तसा. गाडी टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलच्या दर लिटरात चाळीस-पन्नास मिलिलिटर तेल मिसळावे लागे, आणि आजोबा हे मिश्रण औषधाच्या मापाने, चष्मा लावून आणि इतरांस बोलण्याची मनाई करून करीत असत. ते दापोलीस कचेरीच्या कामासाठी निघाले म्हणजे निळसर धुराचा एक पट्टा माडांच्या झावळ्यांखाली पुष्कळ वेळ रेंगाळत राही, आणि कचेरी उघडी असेल किंवा नसेल, आजोबा निघाले आहेत ही वार्ता खाडीपर्यंत पोहोचे.

आजोबा वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात माडांचा, पोफळींचा, दोन हापूस कलमांचा आणि देवघरातील चांदीच्या तांब्याचा तपशीलवार उल्लेख निघाला. मोटारसायकलीचा निघाला नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहून दायविभागाची व्यवस्था लावून दिली, आणि आमच्याच दापोलीत शाळा शिकलेले भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत सांगताना त्या व्यवस्थेचा साद्यंत ऊहापोह केला; परंतु चार वारसांमध्ये दोन चाके, दोन सायलेन्सर आणि एक सिलिंडर यांची वाटणी कशी करावी याविषयी उभयतांनीही मौन पाळले आहे. थोरल्या काकांचे मत असे की, गाडी वडिलोपार्जित वाडीतील सुपारीच्या उत्पन्नातून घेतली असल्याने ती एकत्र कुटुंबाची मिळकत होय, आणि तिची वहिवाट घरातील वडील पुरुषाने पाहावी हा दस्तूर होय. सांगलीस दिलेल्या आत्यांचे म्हणणे याच्या नेमके उलट : सुपारी वाडीची असली तरी ती सोलवून, वाळवून, व्यापाऱ्याशी भाव करून विकण्याचे श्रम आजोबांचे, सबब गाडी स्वकष्टार्जित, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये तीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. मुलुंडचे धाकटे काका दोन्ही पक्षांस मान डोलावीत. माझे वडील कोणत्याच पक्षास डोलावीत नसत. आत्यांस मोटारसायकल चालविता येत नव्हती आणि ती शिकण्याचा त्यांचा मनोदयही नव्हता, परंतु हक्काचा आणि उपयोगाचा संबंध जोडणे ही शहरी माणसाची संकुचित दृष्टी आहे.

या वादाचा निकाल लागेपर्यंत कोणीही गाडीस हात लावू नये, असे तोंडी ठरले, आणि सर्व ठरावांमध्ये एवढ्या एकाच ठरावाची अंमलबजावणी काटेकोरपणे झाली. गाडी मागच्या पडवीत जळाऊ लाकडांच्या रचाईशेजारी उभी करण्यात आली. यथावकाश तिच्यावर एक फाटके जाळे, त्यावर रिकामे पोते आणि त्यावर कोंबडी बसू लागली.

पुढे 3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. त्याने जमीन गाठली रायगड जिल्ह्यात, परंतु खाडीपलीकडे काय नि अलीकडे काय, दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील बागा त्याने काही तासांत आडव्या केल्या. ज्या माडांच्या मालकीवरून तीन-तीन पिढ्यांचे दावे चालले होते, ते माड वादी-प्रतिवादींच्या देखत भुईसपाट झाले. आमच्या पडवीची कौले उडाली, एक वासा मोडला, आणि त्यानंतरचा संपूर्ण पावसाळा येझदीच्या डोक्यावर पडला. येरवी त्याने फार बिघडलेही नसते. परंतु तिच्या सिलिंडरच्या माथ्यावरील प्लग त्यापूर्वीच कोणीतरी काढून नेलेला असल्यामुळे आकाश आणि पिस्टन यांच्यामध्ये कसलाही पडदा उरला नव्हता. प्लग कोणी नेला हा प्रश्न अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

इंजिन जाम झाल्याचा साक्षात्कार झाला तो पुढे एका गणेशचतुर्थीस, म्हणजे सर्व हिस्सेदार एका छपराखाली असण्याच्या वेळी. मुलुंडच्या काकांच्या चिरंजीवांनी पोते दूर सारून, कोंबडी उठवून, मोठ्या आविर्भावाने किकवर पाय दिला. किक खाली गेली नाही. चिरंजीव वर गेले. दुसऱ्या खेपेस त्यांनी संपूर्ण देहभार त्या दांड्यावर टाकला असता ते काही क्षण अधांतरी तसेच उभे राहिले, आणि ओटीवर मोदकांच्या सारणासाठी नारळ खवीत बसलेल्या आत्यांनी, मान वर न करता, "माझ्या हिश्शावर नाचू नकोस रे," असे त्यांस बजाविले.

इंजिन जाम होण्याचे दोन प्रकार आहेत, आणि या दोहोंत गल्लत करणारा मनुष्य गाडीचा घात करतो. पहिला प्रकार चालत्या गाडीचा. पेट्रोलमध्ये तेल मिसळावयाचे राहिले, किंवा घाटात गाडी वाजवीपेक्षा तापली, म्हणजे अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने फुगतो, उभयतांमध्ये असलेली केसाएवढी फट नाहीशी होते, आणि पिस्टन जागच्या जागी पकडला जातो. हा तापट स्वभावाचा रोग असून गाडी थंड झाली की पुष्कळदा तो आपोआप उतरतो. दुसरा प्रकार उभ्या गाडीचा. दमट हवेने सिलिंडरची भिंत गंजते, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापणारा आक्रमक पदार्थ असल्यामुळे तो पिस्टनच्या रिंगांभोवती पाचरीप्रमाणे ठासून बसतो. हा रोग आळसाचा. तो वर्षानुवर्षे अंगात मुरलेला असतो आणि निघण्यासही तितक्याच सावकाशीची अपेक्षा करतो. आमच्या गाडीस यांपैकी दुसरा झाला होता, याविषयी मात्र चारही हिस्सेदारांचे एकमत झाले. ही गोष्ट घराण्याच्या इतिहासात नमूद करून ठेवण्याजोगी आहे.

एकमताची सीमा तेथेच संपली. आरती आटोपून प्रसाद घेण्यास आलेला प्रत्येक शेजारी पडवीत डोकावे, किकवर हात ठेवून नाडीपरीक्षा करी, आणि एक उपाय सांगून जाई. खोबरेल हा पहिला उपाय. केळशीत पडसे, केस गळणे, करकरणारे दार आणि रुसलेले मूल या सर्वांवर तो प्रथम करून पाहतात. त्यानुसार प्लगच्या भोकातून वाटीभर ताजे खोबरेल सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी थोरल्या काकांनी त्यावर उंडेल सोडविले. उंडीच्या बियांचे हे तेल पूर्वी देवळातील समयांस आणि गलबतांस चालत असे, मग मोटारसायकलीने नाक मुरडण्याचे कारण काय, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. बंदराकडच्या एका जाणत्याने माशाच्या तेलाची शिफारस केली. हे तेल लाकडावर वाळून त्याचा चिवट पापुद्रा होतो, म्हणूनच ते होड्यांस फासतात, हे ध्यानात घेतले असता पिस्टन सुटण्याऐवजी तो आकल्पान्त चिकटविण्याची ती योजना होती. सुदैवाने बाटलीचे बूच उघडताच घरातील स्त्रीवर्गाने गणपती घरात असल्याची जाणीव देऊन ती हाणून पाडली. कोणी म्हणाले, कोकमाचे आगळ घाला, तांब्या-पितळेची भांडी त्याने लख्ख निघतात. निघतात खरी, आम्लाने गंजही विरघळतो. परंतु आगळात मुबलक मीठ असते, आणि मिठाच्याच हवेने ज्याची ही गत केली त्याच्या घशात आणखी मीठ ओतणे प्रशस्त नव्हे, असे माझ्या वडिलांनी प्रथमच तोंड उघडून सांगितले. धाकट्या काकांनी मुलुंडहून डब्ल्यूडी-40 चा निळा-पिवळा डबा आणला होता. 1953 साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे अॅटलस क्षेपणास्त्राच्या अंगास गंज चढू नये म्हणून चाळिसाव्या प्रयोगात साधलेले हे रसायन, आणि त्याचा फवारा केळशीच्या पडवीत, कोंबडीच्या डोळ्यांदेखत, खोबरेल आणि उंडेल यांच्या मिश्रणावर मारण्यात आला. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे इतके हृद्य उदाहरण मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

तेल मात्र आत टिकेना. सकाळी घातलेले संध्याकाळी नाहीसे होई, आणि इंजिन पीत आहे, म्हणजे गुण येत आहे, असा समज होऊन दुप्पट मात्रा दिली जाई. हा समज गौरीच्या जेवणादिवशी दूर झाला, कारण त्या दिवशी आत्यांनी स्वहस्ते सारवलेल्या अंगणात दोन्ही सायलेन्सरांतून पिवळट तेलाचे दोन ओघळ निघून थेट तुळशीवृंदावनापर्यंत गेले. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात. त्याच्या भिंतीतच खिडक्या असतात, आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो नि मिटतो. आमचा पिस्टन खालच्या बाजूस अडकला होता, सबब खिडक्या सताड उघड्या, आणि वरून ओतलेले सर्व औषध रोग्याच्या अंगी न लागता मागच्या दाराने बाहेर! माडाच्या झावळीचा एक हीर प्लगच्या भोकातून आत सोडून पिस्टन किती खोल आहे हे मापण्याची युक्ती वडिलांना सुचली आणि त्याने या अनुमानास पुष्टी मिळाली. मग एग्झॉस्टच्या नळ्या सोडवून त्या तोंडाशी जुन्या धोतराचे बोळे कोंबण्यात आले. धोतर आजोबांचे असल्यामुळे त्यावर वेगळा हक्क सांगण्यात आला नाही.

यानंतर बलप्रयोगवाद्यांचा पक्ष प्रबळ झाला. तरुण मंडळींस तेलाने काही होईल हा विश्वास उरला नव्हता. वाडीत काम करणाऱ्या गड्याने पहार आणून ठेवली आणि नम्रपणे विचारले, "काका, एक दणका घालू काय? लगेच सुटंल."

"सुटेल," काका म्हणाले, "पण ते कायमचं."

चिरंजीवांची योजना याहून आधुनिक होती. गाडी गिअरमध्ये टाकावी, टेंपोस दोराने बांधावी आणि समुद्राच्या कडेने ओढत न्यावी; चाक फिरले की इंजिनाला फिरण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. गत्यंतर असते. रिंगा मोडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टनच्या डोक्याचा तुकडा उडतो. गंजाने धरलेल्या पिस्टनवर एकदम जोर केला असता सर्वांत कमकुवत अवयव प्रथम जातो आणि गंज तसाच राहतो. परंतु ही शास्त्रीय कारणे कोणासही सांगावी लागली नाहीत. टेंपोची योजना निघताच आत्यांनी आपल्या हिश्शापुरती हरकत नोंदविली. पहारीला धाकट्या काकांची हरकत होती. हेड उघडण्यास थोरल्यांनी संमती दिली तर माझे वडील म्हणत, लेखी द्या. आणि वडिलांनी दिली तर थोरले म्हणत, आधी वाटणीचे ठरू द्या. चार हिस्सेदारांपैकी प्रत्येकापाशी नकाराधिकार असल्यामुळे गाडीचे काहीही बरे करण्यास कोणी मोकळा नव्हता हे खरे, पण वाईट करण्यासही नव्हता. ज्या भांडणाने तिला इतकी वर्षे पडवीत कुजविले त्याच भांडणाने तिचा कनेक्टिंग रॉड वाचविला, ही गोष्ट मला त्या दिवसांत एकसारखी जाणवत होती, आणि एकदा मी ती भोजनसमयी बोलूनही दाखविली. तेव्हा भात वाढण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले.

गणपती पाण्यात गेले, चाकरमानी मुंबईस गेले, आणि गाव आपल्या नित्याच्या गतीवर आले, तेव्हा दापोलीहून एका वृद्ध मेस्त्रींस बोलावण्यात आले. मृतप्राय झालेल्या जावा आणि येझदींना उठवून बसविण्याची त्यांची ख्याती होती. एस. टी.तून उतरले तेव्हा त्यांच्या हाती एका पिशवीत चार पाने, एक लहान हातोडा आणि पोलीश पेपर होता. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, मागचे चाक हाताने फिरवून पाहिले, प्लगच्या भोकास नाक लावले आणि विचारले, "यात खोबरेल कोणी घातलं?" सगळे गप्प. "आन् हे दुसरं कसलं?" पुन्हा सगळे गप्प.

मग ते पायरीवर बसले. "घाई हाय काय?" त्यांनी विचारले.

थोरले काका म्हणाले, "छे छे. वीस-बावीस वर्षं झाली, घाई कसली?"

"मग सुटंल," मेस्त्री म्हणाले, आणि चहा मागितला. "घाईवाल्याची गाडी आली का मी घेतच न्हाय. त्याला पिस्टन फोडून हवा असतो, आन् मग बिल बघून तोच रडतो."

त्या दिवशी त्यांनी केवळ हेड उतरविले. सिलिंडरच्या आत पिस्टनच्या वर तांबूस गंजाचा एक जाड गालिचाच पसरला होता. पिस्टन हलविण्याचा यत्किंचितही प्रयत्न न करता मेस्त्रींनी तास-दोन तास त्या मोकळ्या भिंतीवरचा गंज पोलीश पेपराने गोल-गोल घासून काढला. पिस्टन उद्या सुटलाच तर तो ज्या वाटेने वर यायचा ती वाट आज साफ पाहिजे, एरवी दोन सूत वर येऊन तो पुन्हा अडकेल, हे त्यामागील तत्त्व. माझ्या पाहण्यात आले आहे की या एका गोष्टीकडे हौशी लोक हटकून दुर्लक्ष करतात. त्यानंतर त्यांनी डिझेल आणि गिअर-तेल यांचे मिश्रण आमच्या पाणचुलीवर एका डब्यात सोसवेल इतके गरम केले, पिस्टनच्या डोक्यावर काठोकाठ भरले, वर फडके झाकले, आणि परतीच्या गाडीने दापोलीस निघून गेले. पातळ आणि गरम तेल केशाकर्षणाने बारीक फटींत शिरते. शीत आणि घट्ट तेल वरच बसून राहते. आमच्या खोबरेलाने इतके दिवस काय केले असेल त्याची आता नीट कल्पना आली.

पुढच्या वारी ते आले, तेल किती उतरले ते पाहिले, पुन्हा गरम करून भरले आणि गेले. त्यापुढच्या वारीही तेच. शेजारी आता पडवीत फिरकेनासे झाले, कारण ज्या उपचारात काहीच घडत नाही त्यावर मत देण्यात रस नसतो. मुलुंडहून रोज फोन येई : "सुटलं का?" आणि थोरले काका उत्तर देत, "तेल पितंय." मेस्त्रींच्या चिकाटीचे त्यांना काही विशेष वाटत नव्हते. ज्यांनी पोफळीच्या एका रांगेवरून चाललेल्या दाव्यात तारखांमागून तारखा पाहिल्या, पुरसीस, तहकुबी, अपील आणि फेरअपील या पायऱ्या एकामागून एक चढल्या, त्यांच्या लेखी पंधरवड्याने एकदा वाटीभर तेल ओतणे हा जलदगती न्याय होता.

शेवटी एका दुपारी मेस्त्रींनी फणसाच्या लाकडाचा ठोकळा मागितला. सागवान चालणार नाही का, या प्रश्नाकडे त्यांनी लक्ष दिले नाही. ठोकळा पिस्टनच्या डोक्यावर ठेवून त्यांनी लहान हातोड्याने तो ठोकला. मध्यभागी नव्हे, तर कडेकडेने, फिरवीत फिरवीत, आणि इतक्या हलक्या हाताने की आत माजघरात निजलेले मूलही जागे झाले नाही. मग गाडी चौथ्या गिअरात टाकण्यात आली. पहिल्या गिअरात चाक थोडे फिरले तरी इंजिनास पुष्कळ फिरावे लागते, त्यामुळे चाकावरील जोर इंजिनापर्यंत पोहोचेतो फार उणा होतो. चौथ्यात तो जास्त पोहोचतो. मेस्त्री मागचे चाक धरून पुढे-मागे, पुढे-मागे, असे अगदी बोटभर झोके देऊ लागले. पुढे रेटण्याचा हट्ट नाही. मागे गेले तरी चालेल, जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यावे. आणि एकाएकी त्यांच्या हातास काहीतरी लागले. आम्हांस काहीच दिसले नाही. त्यांनी फडके बाजूस केले, आत बोट घातले, आणि पिस्टनच्या कडेस सिलिंडरच्या भिंतीवर स्वच्छ, चकचकीत लोखंडाची एक रेघ दाखविली, सुताएवढीही नव्हती. "हल्ला," ते म्हणाले. तो दिवसभराचा उद्योग तेवढ्यावरच थांबवून त्यांनी पुन्हा तेल भरले. जोर अजूनही त्यांनी केला नाही, आणि थोरल्या काकांनी या प्रसंगी त्यांच्याविषयी जे आदराचे उद्गार काढले ते आमच्या वकिलांविषयी कधी काढले नव्हते.

त्यानंतरचा भाग कोणत्याही गॅरेजात घडतो तसाच घडला. सिलिंडर उपसून निघाला, खालच्या रिंगेचे तुकडे खाचेतून कोरून काढावे लागले, क्रँकची सिले कोरडी पडून फाटली होती ती बदलली. सिलिंडरच्या भिंतीस गंजाने खड्डे पाडले असल्यामुळे तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवून बोअर मारून घेतला आणि अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसविला. येझदी हे नाव 2022 साली बाजारात नव्याने आले असले तरी त्या नव्या गाड्यांचा आणि आमच्या म्हातारीचा रक्ताचा संबंध नाही, म्हणून सुटे भाग जुन्या बाजारांतून आणि हौशी लोकांच्या ओळखीतून जमवावे लागले. खर्चाची वर्गणी चारही हिस्सेदारांत सारखी वाटली गेली. तेव्हा मात्र स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित हा वाद कोणी काढला नाही, आत्यांनी सुद्धा.

आणि एका सकाळी मेस्त्रींनी दांडा आत दाबून मागे वळविला, थोरल्या काकांनी महालक्ष्मीचे नाव घेतले, आणि येझदी सुरू झाली. दोन्ही सायलेन्सरांतून निघालेला धूर पाहून गडग्यापलीकडील शेजारी पाण्याची घागर घेऊन धावत आले. त्या धुरात मिश्रणाच्या तेलाबरोबरच खोबरेलाचा, उंडेलाचा आणि डब्ल्यूडी-40 चा अंश असल्यामुळे त्याला जो संमिश्र दर्प आला, त्याचे वर्णन करणे मला शक्य नाही. आत्या सांगलीहून फोनवर म्हणाल्या की, बाबा निघाले की असाच वास यायचा. तसा तो कधीही येत नसे, परंतु आम्ही दुजोरा दिला.

इंजिन आता सुटले आहे. गाडी सुटलेली नाही. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या गाडीचे ते शेवटचे केव्हा झाले हे आजोबांसच ठाऊक. नूतनीकरणाचा अर्ज नमुना 25 वर करावयाचा, परंतु तो नोंदणीकृत मालकाने करावयाचा, आणि नोंदणीकृत मालक परलोकी. वाहनाचा मालक मरण पावल्यास वारसाने तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 वर मालकी आपल्या नावे लावून घेण्याचा अर्ज करावा, असा कायदा आहे. त्या तीन महिन्यांत आमच्या घरी गाडी कोणाच्या ओटीसमोर उभी करावयाची एवढेच ठरत होते. आता विलंबाचा दंड, पर्यावरण कर, तपासणी, हे सर्व क्रमाने होईल, आणि ते भरण्याची सर्वांची तयारीही आहे. अडचण एवढीच की नमुना 31 वर मालक म्हणून एकाचेच नाव लागावयाचे असून त्यास उरलेल्या वारसांचे संमतिपत्र पाहिजे. थोरल्या काकांचे नाव लावण्यास माझे वडील आणि धाकटे काका यांनी स्टँप पेपरावर संमती दिली आहे. आत्यांचीही ना नाही. मात्र सहीपूर्वी गाडी स्वकष्टार्जित होती हे वाक्य संमतिपत्रात घालावे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि थोरले काका त्यास तयार नाहीत.